फ्यूज मिळणार नाही

काशीरामशेटच्या घरात वीज आली ती गिरणीच्या वाटेने. मांडवी बंदरावरून वर चढून आलं की त्यांची भाताची गिरण लागे आणि गिरणीला लागूनच त्यांचं चिऱ्याचं घर. गिरणीच्या तेलावरच्या इंजिनाला डायनामो जोडला तर संध्याकाळी घरात दिवे पेटवता येतील, ही कल्पना थोरल्या लवूची. लवू बरीच वर्षं मुंबईला एका कापडगिरणीत विजेच्या खात्यात होता. सदतीस साली तिथली हवा मानवेना म्हणून तो आगबोटीने घरी परतला, तो एक जुना डायनामो, तारेची वेटोळी आणि पेंढ्यात गुंडाळलेले काचेचे गोळे घेऊनच.

दसऱ्याला पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा आख्खी आळी अंगणात उभी होती. ओटीवर आणि पुढच्या सोप्यात मिळून पाच गोळे, देवापाशी एक, माडीवर एक. आणि एक स्वयंपाकघरात.

स्वयंपाकघरातला गोळा धाकट्या सुनेने, सगुणाने, मागून घेतलेला. सगुणा वेळणेश्वराकडची, तांडेलाची मुलगी. तिचा नवरा विठूही मालाच्या शिडाच्या गलबतावर, फत्तेमारीवर, तांडेल म्हणजे मुख्य खलाशी होता. नारळी पुनवेला समुद्रावर गेला की पावसाच्या तोंडाला परत यायचा. त्या घरात बायका काशीरामशेटच्या समोर उभ्या राहून बोलत नसत. काही सांगायचं झालं तर दाराआडून, तेही सासूच्या, तुळसाच्या मार्फत. सगुणाला ही दाराआडची बोलाचाली कधी जमली नाही. आदल्या पावसाळ्यात मोठी जाऊ, लवूची बायको राही, भाताचं तपेलं उतरवत असताना फळीवरची रॉकेलची चिमणी कलंडली होती आणि राहीचा हात कोपरापर्यंत भाजला होता. लवू तारा आत घालायला भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकत होता, तेव्हा सगुणा सरळ ओटीवर गेली.

"आबा, चुलीशी एक दिवा द्या."

"चुलीला उजेड नसतो काय गो?" काशीरामशेट म्हणाले.

"चुलीचा उजेड तपेल्याच्या बुडाला. आत काय शिजतंय ते दिसत नाय."

काशीरामशेटना हसू आलं. "लवू, दे रे तिला एक," ते म्हणाले. लवूने दिला, पण सगळ्यात लहान.

गिरणीकडून येणारी तार मागच्या बाजूने घरात शिरत होती. म्हणून तिचा लाकडी बोर्ड स्वयंपाकघराच्या दारालगतच बसला. बोर्डावर एक मोठी कळ आणि तिच्या खाली चिनी मातीची पांढरी गुटकी. लवूने सगळ्यांना गोळा करून ती दाखवली होती.

"ह्याला फ्यूज म्हणतात. ह्यात ही केसासारखी तार बघा. पेलवेल त्याच्यापेक्षा जास्त वीज ओढली की ही वितळते नि दिवे जातात. ही मेली की पट्टीतली तार वाचते. नायतर पट्टी पेटेल, पट्टीसंगती घर."

त्याला समजावून सांगायला आवडे आणि तो सांगेही छान. सगुणाने ते नीट ऐकून घेतलं होतं.

दिवाळीपर्यंत सगळं बरं चाललं. मग लवूने ओटीवरचे गोळे काढून मोठे बसवले. लोक लांबून, बंदरावरून उजेड बघायला यायचे, आणि काशीरामशेट झोपाळ्यावर बसून त्यांना पान द्यायचे. पुढे सोप्यात छताला पंखा लागला. मग विजेची इस्त्री आली. लवूचा सदरा आणि आबांचं उपरणं तिने कडक होई आणि संध्याकाळी बाहेर पडायच्या वेळीच त्या इस्त्रीची आठवण होई.

आणि फ्यूज जायला लागला. आधी कधीमधी, मग दर दोन दिवसांआड. दिवे फटकन जायचे, सगळं घर काळंठिक्कर. ओटीवरून लवूची हाक यायची, "कोण काय करतंय गो आत?" आत कोणी काहीच करत नसे. राही भाकरी थापत असे आणि सगुणा वाटण वाटत असे. मग लवू कंदील घेऊन यायचा, कळ पाडायचा, गुटकी उपटून नवी तार गुंडाळायचा. बोर्ड सगुणाच्या डोळ्यांसमोरच होता. इस्त्री लावली की दिवे आधी लालसर होतात, गिरणीतलं इंजिन दमल्यासारखं धापा टाकतं आणि मग फ्यूज जातो, हे कळायला तिला फार दिवस लागले नाहीत. लवूला तर ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. तरी एका संध्याकाळी तो आत आला, पाटावर चढला आणि त्याने स्वयंपाकघरातला गोळा फिरवून काढून घेतला.

"हा जादा होतोय," तो म्हणाला. "ह्याच्यापायी लोड येतो."

राहीने परातीतलं पीठ पुढे ओढलं. सगुणा पाट्यावरून उठली.

"भावोजी, तुमच्या ओटीवर पाच जळतात. तेही मोठे. आमचा एक, तोही बारका. मग जादा कोणता?"

"ओटीवर माणसं बसतात."

"आणि हितं कोण बसतंय?"

लवूने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "राही, हिला सांग, चार माणसांत घराची इज्जत ओटीवर असते," एवढं बोलून गोळा हातात घेऊन तो गेला. त्या संध्याकाळपासून पुन्हा चिमणी लागली. राहीला चिमणी हातात धरवत नसे, म्हणून ती सगुणाच पेटवी.

फ्यूज मात्र जायचा तो जातच राहिला. ओटीवर पाहुणे बसलेले असताना दोनदा अंधार झाला, तेव्हा काशीरामशेटनी लवूला चारचौघांत टोकलं. "तुझ्या विजेपेक्षा माझी समई बरी रे," ते म्हणाले, आणि लोक हसले. दुसऱ्या दिवशी लवूने गुटकीत केसासारख्या तारेच्या जागी तांब्याची जाड तार पिळून घातली. सगुणा तिथंच तांदूळ निवडत बसली होती.

"ही वितळायची नाय ना, भावोजी?"

"आता कशाला वितळते!" लवू खुशीत होता.

"मग तुम्हीच म्हणालात, ही नाय मेली तर पट्टी पेटेल."

"तेवढं मला कळतं. तू तांदूळ निवड."

त्यानंतर दिवे एकदाही गेले नाहीत. ओटीवर लखलखाट, डोक्यावर पंखा, कोपऱ्यात इस्त्री. बोर्डापासून वर जाणारी लाकडी पट्टी मात्र गरम लागू लागली. ती पट्टी स्वयंपाकघराच्या दारावरून माळ्याच्या कडेने पुढे ओटीकडे गेली होती, आणि माळ्यावर वर्षाची नारळाची सोडणं आणि सुक्या झावळ्या रचलेल्या. सगुणाने एकदा पट्टीला हात लावला आणि मागे घेतला. मग तिने राहीचा हात धरून तिथे टेकवला.

"वहिनी, बघा."

राहीने हात झटकला. "मला नको दाखवू गो. सांगायचं तर कोणाला सांगू?"

सगुणाने तुळसाला सांगितलं. तुळसा म्हणाली, मुलगा विजेच्या खात्यात होता, त्याला कळत नसेल का. मग सगुणा परत एकदा ओटीवर गेली. काशीरामशेटनी लवूला विचारलं. लवू म्हणाला, "तार आहे आबा, थोडी गरम होणारच. बायकांना झुरळाचीही भीती वाटते." काशीरामशेटना ते पटलं. पटवून घेणंच त्यांना सोयीचं होतं, कारण माघात जयगडचे पाहुणे यायचे होते.

काशीरामशेटची एकुलती एक मुलगी कमळा. तिच्यासाठी जयगडच्या एका गलबतवाल्यांचं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील, काका आणि आत्या मुलगी बघायला मचव्याने येणार होते. "घर बघून त्यांचे डोळे दिपले पाहिजेत," काशीरामशेट म्हणाले. लवूने ते शब्दशः घेतलं. त्याने रंगीत बारक्या गोळ्यांची एक लांब माळ मागवली आणि अंगणातल्या दोन माडांच्या मधे बांधली.

पाहुणे आले ते दिवेलागणीच्या आधी. गिरणीतल्या भागोजी गड्याने इंजिन सुरू केलं आणि लवूने एकेक कळ दाबत नेली. ओटी, सोपा, देवघर, माडी, पंखा. शेवटी अंगणातली माळ. लाल, हिरवे, निळे गोळे माडांवर चमकले. अंगणाबाहेर जमलेल्या पोरांनी आरडाओरडा केला. जयगडचे काका उठून माळेखाली जाऊन उभे राहिले आणि लवूला एकेक प्रश्न विचारू लागले. लवू इतका आनंदात कोणी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मुलाच्या वडिलांच्या उपरण्यावर प्रवासात खारं पाणी उडालं होतं. "आणा हिकडे, आताच्या आता इस्त्री करून देतो," असं म्हणून लवूने इस्त्रीही लावली.

आत चिमणीच्या उजेडात राही वडे तळत होती. सगुणा कोंबडीच्या सागुतीला वाटण लावत होती. तुळसा कोकमाची सोलं कुस्करत बसली होती आणि कमळा नेसून सवरून दारापाशी उभी होती. पहिल्यांदा वास आला तो कमळाला.

"काय जळतंय गो?"

"तेल असेल," राही म्हणाली.

ते तेल नव्हतं. जळक्या रबराचा, डोळ्यांत झोंबणारा वास होता. सगुणाने चिमणी उचलून वर धरली. दारावरच्या पट्टीची फट काळी पडली होती. तिच्यातून डांबरासारखं काहीतरी फुगून बाहेर आलं होतं आणि धुराची एक बारीक रेघ माळ्याच्या कडेने सोडणांत शिरत होती.

सगुणाने चिमणी कमळाच्या हातात दिली. ती बोर्डापाशी गेली, मोठी कळ खाली ओढली आणि गुटकी उपटून काढली.

सगळं घर अंधारात गेलं. अंगणातली पोरं "होऽऽ" करून ओरडली. बोटं पोळली म्हणून सगुणाने गुटकी पदरात धरली, तिच्याभोवती पदराची गाठ मारली आणि ती कमरेला खोचली. मग तिने घागरीतून तांब्या भरून घेतला.

"वहिनी, पाट द्या. माळ्यावरची सोडणं खाली घ्यायची."

राहीने पाट दिला. सगुणाने वर चढून पट्टीजवळची सोडणं खाली ओढली. दोन-चार कडेने काळवंडली होती, एक धुमसत होतं. तिने त्यावर पाणी ओतलं. तेवढ्यात लवू कंदील घेऊन धावत आत आला.

"काय झालं? फ्यूज कुठंय?"

"माझ्याकडे."

"आण हिकडे."

"देणार नाय."

लवूला ते क्षणभर कळलंच नाही. लहान भावाच्या बायकोने तोंडावर असं काही सांगावं, हे त्या घरात कधी झालं नव्हतं. "सगुणे, बाहेर पाहुणे अंधारात बसलेत!"

"कंदील न्या त्यांना. पट्टी पेटली होती, भावोजी. वर बघा."

लवूने कंदील वर केला आणि पाहिलं. त्याला दिसलं, ते त्याच्या तोंडावरूनच कळत होतं. पण बाहेरून काशीरामशेटची हाक आली, "लवूऽ, काय चाललंय?" आणि लवूचा चेहरा परत आवळला.

"विझलीय ना आता? इस्त्री काढतो. तासाभराचा प्रश्न आहे. फ्यूज दे."

"इस्त्री काढा, माळ काढा, पंखा काढा. ही जाड तार परत घालणार नाय म्हणा. मग देते."

"नसशील देत तर मी तार सरळ जोडतो." त्याने खिशातून तारेचा तुकडा काढला आणि तो बोर्डाकडे वळला.

सगुणा बोर्डाला पाठ लावून उभी राहिली. लवू थबकला. धाकट्या भावजयीला हात लावणं शक्य नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं.

"राही, बाजूला कर तिला."

राहीने झारा कढईच्या काठावर ठेवला. हात लुगड्याला पुसले. ती सगुणापाशी गेली आणि तिच्या शेजारी, बोर्डाला पाठ लावून उभी राहिली.

"मी एकदा भाजले. परत नाय भाजायची. तुम्ही बाहेर जा."

काशीरामशेट दारात येऊन उभे होते, आणि त्यांच्या मागे जयगडची आत्या, मान उंच करून आत बघत. सुना बोर्डाला चिकटून उभ्या, मुलगा हातात तार घेऊन, जमिनीवर भिजलेली सोडणं. काशीरामशेटना सगळं एका नजरेत कळलं, पण मागे पाहुणी होती.

"सगुणा, मी सांगतोय. दे ते."

"आबा, तुम्ही वर हात लावून बघा आणि मग सांगा. तुम्ही म्हणालात लाव, तर मी देते. पण आधी आईंना, कमळाला, वहिनींना घेऊन मी अंगणात जाऊन बसतंय. घर तुमचं आहे, तुम्ही थांबा आत."

काशीरामशेटनी लवूच्या हातून कंदील घेतला, पाटावर पाय ठेवला आणि पट्टीला बोट लावलं. बोट हिसकून खाली घेतलं तेव्हा त्याला काळा चिकटा लागलेला होता. चिकटा ते धोतराला पुसत राहिले. मग आत्याबाईंकडे वळून म्हणाले, "इंजिन बिघडलंय. कंदील लावून जेवू."

पाहुणे कंदिलाच्या उजेडात जेवले. सागुती चांगली झाली होती, पण कोणी तसं म्हटलं नाही. सकाळी भरतीला त्यांचा मचवा निघाला आणि आठवड्यात निरोप आला, की मुलगी चांगली आहे, पण ज्या घरात सुना सासऱ्याला उलट बोलतात तिथं आम्हाला सोयरीक करायची नाही.

तुळसा रडली. "कमळाचं जमत आलेलं मोडलंस गो," ती सगुणाला म्हणाली. सगुणाला खरंच वाईट वाटलं होतं आणि ती चुलीपुढे मान खाली घालून बसली. उत्तर दिलं ते कमळाने.

"मोडलं तर मोडलं. वासाने मी घाबरले होते, तेव्हा त्यांचा काका माळेखाली उभा राहून हसत होता. मला नको ते घर."

फ्यूज सगुणाने दिला नाही. तो तिच्या पदराच्या गाठीतच राहिला. ती आंघोळीला गेली तर राही सांभाळी. लवूला नवी गुटकी मिळण्यासारखी नव्हती. ती मुंबईहूनच मागवावी लागली असती, आणि त्याने ती मागवलीही नाही, की तार सरळ जोडायलाही तो परत आला नाही. तो आतल्या बाजूला फिरकेनासा झाला. जेवायचं ताटही त्याने ओटीवर मागवायला सुरुवात केली. राही त्याला ताट नेऊन देई आणि न बोलता परत येई. संध्याकाळी येणारे जाणारे अंगणातून विचारत, "शेट, दिवे काय झाले?" काशीरामशेट म्हणत, "तेल महाग झालंय." हे सांगताना त्यांना किती त्रास होई ते झोपाळ्याच्या कड्यांच्या आवाजावरून आत कळे.

शेवटी एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. इतक्या वर्षांत तिथं ते कधी बसले नव्हते. तुळसा गडबडून उठायला लागली, त्यांनी हातानेच तिला बस म्हटलं.

"सगुणा, काय पाहिजे तुला?"

"जळलेली पट्टी बदला. गुटकीत बारीक तार घाला. इस्त्री दिवसा लावा, दिवे नसतात तेव्हा. ओटीवर पेलतील तेवढेच गोळे. आणि आमचा गोळा आम्हाला परत."

"आणि मी नाय म्हटलं तर?"

"मग मी देणार नाय. माहेरी पाठवलंत तर संगती घेऊन जाईन."

"सासऱ्याशी असं बोलायला तुझ्या बापाने शिकवलं काय गो?"

"माझा बाप फत्तेमारीवर जास्त माल चढू देत नसे, आबा. व्यापारी कितीही ओरडला तरी. तो दर पावसाळ्यात घरी परत यायचा, म्हणून मी आहे."

काशीरामशेट रागाने लाल झाले. ते काही बोलणार एवढ्यात तुळसा बोलली, खाली बघत, सोलं निवडता निवडता. "माळा पेटला असता तर पहिली मी जळले असते. मी हितंच बसले होते. तुम्ही ओटीवर होतात."

काशीरामशेटनी बायकोकडे वळून पाहिलं. मग उठले आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवू हत्यारांची पेटी घेऊन आत आला. त्याने जळलेली पट्टी उचकटली. आतली तार बाहेर काढली, तेव्हा तिच्यावरचं रबर कोळशासारखं झडून खाली पडलं. त्याने ते हातात घेऊन चुरडून पाहिलं. त्याला ठाऊक असलेलीच गोष्ट होती ती, आणि तरी तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. मग कामाला लागला. काम त्याला उत्तम येई. दुपारपर्यंत त्याने नवी पट्टी बसवली, आणि कोणी सांगितलं नसताना स्वयंपाकघरासाठी बोर्डापासून वेगळी तार ओढली. तिला घालायला घरात गुटकी नव्हती, म्हणून त्याने लाकडाच्या ठोकळ्यावर दोन पितळी स्क्रू बसवून त्यांच्यामधे केसासारखी बारीक तार लावली.

"ओटीवरचं गेलं तरी हिथलं जायचं नाय आता," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आणि हिथलं गेलं तर ओटीवरचं नाय."

सगुणाने पदराची गाठ सोडली आणि गुटकी त्याच्यासमोर पाटावर ठेवली. तिने आतली जाड तार आधीच काढून टाकली होती. लवूने ते पाहिलं. गुटकीत बारीक तार भरून त्याने ती बोर्डावर बसवली, पाटावर चढून लहान गोळा फिरवून लावला आणि निघताना दारात थांबून म्हणाला, "ह्या तारेवर इस्त्री लावू नका."

"आम्ही नाय लावत, भावोजी," सगुणा म्हणाली. "तुम्हीपण लावू नका."

राहीने तोंडावर पदर घेतला. लवू तसाच बाहेर गेला. संध्याकाळी भागोजीने इंजिन सुरू केलं, तेव्हा ओटीवर तीनच गोळे लागले. आत चुलीशी राही भाताचं तपेलं उतरवत होती आणि सगुणा बोर्डापाशी उभी राहून वरच्या पट्टीला हात लावून बघत होती. पट्टी गार होती.